खानविलकरांचे सरदार

मरून अकराशे वर्षं झालेल्या माणसावर कुणी रुसतं का हो? आमचे खानविलकर रुसले होते. साधंसुधं नाही, चांगले दोन-तीन आठवडे. जेवणात लक्ष नाही, कुणाशी धड बोलणं नाही, टाइपरायटरवर कापड टाकलेलं. विचारायला जावं तर म्हणायचे, "त्या माणसाचं नाव माझ्यापुढं काढू नका!" आणि तो माणूस कोण, तर युरोपातल्या फ्रँक लोकांचा एक सरदार. ना कधी बघितला, ना कधी भेटला. पण खानविलकरांचा राग बघून वाटावं, परवाच त्यानं ह्यांचा बांध फोडलाय.

वसंत खानविलकर राजापूरकडचे. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला आम्ही कतारमध्ये एका फ्रेंच कंपनीत होतो. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्याचं काम चाललं होतं. खानविलकर मोठ्या साहेबाचे स्टेनो, मी कराडचा एसी मेकॅनिक. राहायला अल वक्राला, कोळ्यांच्या जुन्या वस्तीला लागून कंपनीनं एक व्हिला दिलेला. व्हिला म्हणजे नुसतं नाव. खोलीत चार-चार खाटा आणि दाराशी चपलांचा ढीग. सगळे आपले मराठी गडी, सगळ्यांची बायका-पोरं गावाकडं. रत्नागिरीचे शब्बीरभाई दिवसा कंपनीची गाडी चालवायचे आणि शुक्रवारी सुट्टीला धक्क्यावरून ताजे मासे आणून सगळ्यांना जेवू घालायचे. बीडचा ढोबळे वेल्डर. तो कुणाचंच ऐकायचा नाही, पण खानविलकरांचं तोंड उघडं टाकून ऐकायचा.

कारण खानविलकर बोलायचेच तसे. बारीक अंगकाठी, कॉलरमध्ये खोचलेला रुमाल आणि कायम घाईत. गोष्ट सांगायची म्हटली की आधी "ऐका, ऐका!" म्हणून हात वर. मग दोन वाक्यं बसून, पुढची उभं राहून आणि रंगात आले की थेट खुर्चीवर. हातातला घास हातात, रस्सा कोपरापर्यंत ओघळलेला, तरी ह्यांची लढाई चालूच! टाइपरायटरची ओळ संपली की घंटी वाजते ना, तशी एखादी गोष्ट निकालात निघाली की स्वतःच "टिंग!" म्हणायचे. "भांडण मिटलं. टिंग!" "साहेबाची खोड मोडली. टिंग!" एकदा शब्बीरभाईंनी विचारलं, "अरे खानविलकर, तुका झोपेत पन घंटी वाजते काय रे?" तर म्हणाले, "वाजते. पण तेव्हा तू घोरत असतोस."

तर साहेब. फ्रेंचमध्ये साहेबाला मुस्यू म्हणतात हे खानविलकरांनीच आम्हाला सांगितलं आणि तेव्हापासून तो आम्हा सगळ्यांचा मुस्यू झाला. रिटायरमेंटला आलेला, लालबुंद, पोट सुटलेला माणूस. त्याच्या गावात एका जुन्या मठाचे दगड पडले होते, बायकांच्या मठाचे. लहानपणी त्या दगडांवर हा खेळला. तिथं पुरलेल्या सरदाराबद्दल त्यानं जन्मभर वाचून काढलं आणि आता म्हातारपणी त्या सरदाराचं आणि त्याच्या घरादाराचं पुस्तक लिहायला बसला. लेक इंग्रजाच्या घरात दिलेली, नातवंडांना फ्रेंच येईना, म्हणून पुस्तक इंग्रजीत. अक्षर कोंबडीचे पाय आणि इंग्रजी त्याहून लंगडं. ते सुधारून सुवाच्य टाइप करायचं काम ऑफिस सुटल्यावर खानविलकरांकडं आलं.

झालं! आमच्या शुक्रवारांना नवी पालवी फुटली. आठवडाभर टाइप केलेलं खानविलकर शुक्रवारी जेवताना आम्हाला सांगणार. सरदाराचं नाव वाल्डगार. ते नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून नुसतं 'सरदार'. काउंट म्हणजे सरदार, काउंटी म्हणजे वतन, अॅबी म्हणजे मठ असं सगळं खानविलकरांनी आपल्या भाषेत आणून ठेवलं आणि तो परका माणूस बघता बघता आमच्या घरातला झाला. राजानं लढाईला बोलावलं की ह्यानं आपली माणसं, आपले घोडे, आपलं धान्य घेऊन जायचं. जिंकून आला की वतनाला आणखी दोन गावं. त्या लोकांत आडनाव नसायचं, म्हणून बापाच्या नावातला तुकडा मुलाच्या नावात घालायचे. थोरला वाल्डो, धाकटा आडलगार. "बघा, बघा!" खानविलकर ताटावरून उठलेच. "नावातच खूण ठेवायची, हा अमक्याचा म्हणून!"

आणि लग्नाचं ऐकाल तर! सरदारानं इम्मा नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्या लोकांत रीत अशी की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं बायकोला जमीन द्यायची. तिच्या मालकीची. ढोबळे म्हणाला, "आवं, जमीन? बायकूला? आन् सकाळी सकाळी?" "होय! चहाच्या आधी!" खानविलकर ओरडले. शब्बीरभाईंनी मान डोलवली. आमच्यातपण लग्नात बायकोला मेहर द्यावाच लागतो, ते म्हणाले. इम्माला पहिली मुलगी झाली, रोथा, तेव्हा खानविलकरांनी स्वतःच्या पदरचा रवा-साखर घालून आम्हाला शिरा खाऊ घातला. अकराशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या पोरीचं बारसं आम्ही अल वक्रात साजरं केलं, सांगून खरं वाटेल का कुणाला?

एकदा मी आणि ते दोह्याच्या बाजारात गेलो होतो. एका दुकानात अरब मंडळी बसलेली आणि मधे लाकडी ठोकळ्यावर डोळ्यांवर टोपी घातलेला ससाणा. सरदारांना ससाण्यांचा शौक होता असं त्याच आठवड्यात टाइप झालेलं. झालं, खानविलकरांनी माझा दंड असा आवळला की काय सांगू! "अहो, हा बघा! आपल्या सरदारांचा!" आणि भर बाजारात त्या पाखराला कमरेत वाकून मुजरा. मला वाटलं आता मार खातोय. पण तो म्हातारा अरब इतका खूश झाला की त्यानं आम्हाला बसवून कहवा पाजला आणि तो ससाणा खानविलकरांच्या हातावर बसवला. कातड्याचा हातमोजा घातलेला तो हात पुढं करून ते उभे राहिले ते हलेचनात. "यल्ला, खलास", म्हणजे चला, पुरे झालं, म्हणत शेवटी म्हाताऱ्यानंच पाखरू काढून घेतलं. परतताना गाडीत ते हात तसाच धरून बसले होते.

आता त्यांच्या घरचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खानविलकरांना एकच मुलगी, सुलभा. बारा-एक वर्षांची. बायकोला पुढं मूल होणार नाही असं डॉक्टरनं सांगितलेलं. गावी म्हातारी आई आणि थोरले भाऊ, दादा. दादांना तीन मुलगे. दादांनी लकडा लावला होता की माझा धाकटा तू दत्तक घे. लेक परक्याच्या घरी जाणार, तुझ्या मागं तुझं नाव कोण घेणार, दिवा कोण लावणार? घर, आंब्याची बाग, सगळं त्या मुलाच्या नावे कर म्हणजे घराण्यात राहील. आई रडायची. बायको वसुधावहिनी काहीच बोलायच्या नाहीत, आणि हेच खानविलकरांना जास्त लागायचं. शेवटी ते हो म्हणाले होते. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं, मुलाला मांडीवर घ्यायचं, असं ठरलं होतं.

आमच्यात ह्यावरून कडाक्याची भांडणं व्हायची. ढोबळे म्हणायचा, "बरुबर हाय दादाचं. लेकीला साडीचोळी करावी, लगीन झोकात लावावं. पर घरदार लेकाचंच." शब्बीरभाई भडकायचे. "आमच्यात लेकीक हिस्सा हाय. पोराच्या अर्धा, पन हाय! पोरीक वाऱ्यावर सोडत नाय आमी." खानविलकर दोघांच्या मधे बसून भात चिवडत राहायचे. गोष्टीत राजाला दरडावणारा हा माणूस स्वतःच्या दादांचं नाव निघालं की मऊ पडायचा. मला चीड यायची. मी तोंडावर म्हणायचो, "अहो, पोरगी तुमची, बाग तुमची, मग घाम का फुटतोय?" तर म्हणायचे, "तुम्हाला नाही कळायचं. वडिलांच्या माघारी दादांनी वाढवलंय मला." आणि मग लगेच, "पण आमच्या सरदारांचं बघा, दोन मुलगे असून रोथावर केवढा जीव!"

ह्या 'केवढा जीव'मागंच सगळा घोटाळा होता.

मुस्यूची पानं कधी सलग यायची नाहीत. आज म्हातारपण, उद्या लग्न, परवा लढाई. त्यातल्या काही पानांत सरदाराची बायको इम्मा होती आणि काहींत एर्लिंडा. खानविलकरांना ह्यात काही अडलंच नाही. अडायचं कारण काय? त्यांची बायको माहेरची कुसुम, लग्नात तांदळात नाव लिहिलं आणि झाली वसुधा. माझी बायको माहेरची वेगळी, सासरची वेगळी. आपल्याकडं घरोघर हेच. तेव्हा इम्मा हे माहेरचं आणि एर्लिंडा हे सासरचं! त्यांनी मुस्यूला विचारलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याचं लिहायचं राहून गेलं असेल म्हणून आपणच सुधारून दिलं, 'इम्मा, जिला लग्नानंतर एर्लिंडा म्हणू लागले.' रोथा आणि दोघे मुलगे एका आईची लेकरं झाली. सुखी घर, गोकुळासारखं! आम्हीही ते तसंच ऐकलं आणि कुणाच्या डोक्यात शंका आली नाही.

मुस्यू तापानं आजारी पडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं टाइप झालेला गठ्ठा पहिल्यांदा सलग वाचला. खानविलकरांना बंगल्यावर बोलावणं आलं. शब्बीरभाईच गाडी घेऊन गेले होते, त्यांनी सांगितलं, म्हातारा खाटेवर बसून हसत होता, खोकत होता आणि पुन्हा हसत होता. "माय डियर खान, ही एक बाई नाही, दोन आहेत!" सरदाराला इम्मापासून एकच मुलगी झाली, पुढं मूल होईना. वतनाला वारस पाहिजे. मग त्यानं इम्माला घरातून घालवून दिलं, लहानग्या रोथाला मठात टाकलं आणि एर्लिंडाशी दुसरं लग्न केलं. वाल्डो आणि आडलगार हे तिचे.

खानविलकर व्हिलावर आले ते भिंतीकडं तोंड करून झोपले. शिरा खाल्लेले आम्ही सगळे खाली माना घालून बसलो.  मग खानविलकर एकदम उठून बसले आणि ओरडले, "एकच मुलगी झाली म्हणून? एवढ्यासाठी?" कुणाला म्हणाले देव जाणे, पण आम्हाला सगळ्यांना राजापूर दिसलं.

तेव्हापासून टाइपिंग बंद. मुस्यूनं दोनदा निरोप पाठवला, ह्यांनी ऑफिसचं काम चोख केलं, पण पुस्तकाला हात लावला नाही. आमचे शुक्रवार पार सुतकी झाले. मासे तेच, शब्बीरभाईंचा हात तोच, पण चव गेली चुलीत! आणि मे महिना जवळ येत होता. सुलभासाठी फ्रॉकचं कापड आणि पुतण्यासाठी घड्याळ घेतलेलं मी पाहिलं. त्या दोन्ही वस्तू ते पेटीतून काढायचे, बघायचे आणि परत ठेवायचे.

मग एका शुक्रवारी भर जेवणाच्या वेळी दारात मोटार थांबली आणि मुस्यू स्वतः आत आला. हातात कागद. आमची धांदल उडाली. कुणी बनियनवर, कुणी लुंगीवर. शब्बीरभाईंनी चपळाईनं पाट मांडावा तशी खुर्ची मांडली, सुरमईची तुकडी वाढली. म्हातारा काटा काढत बोटांनी जेवला, नाकातून पाणी वाहिलं तरी थांबला नाही. हात धुऊन म्हणाला, खान, शेवट ऐकल्याशिवाय माणसाला शिक्षा देतात का?

खानविलकर पाठ करून बसलेले.  मुस्यू वाचायला लागला आणि भाषांतर करायचं माझ्या गळ्यात पडलं. माझं इंग्रजी म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर आणि फ्यूज. मी सांगायला लागलो, "सरदार म्हातारा झाला. मुलगे भांडले. मग तो आजारी पडला..."

"अहो, आजारी पडला काय?" पाठीकडून आवाज आला. "सर्दी झाली का त्याला? नीट सांगा!"

"तुम्हीच सांगा की मग," मी म्हणालो.

"मला त्याच्याशी कर्तव्य नाही."

मी पुन्हा सुरू केलं. "मुलांनी बाहेर काढला. थंडी होती. मग तो मठात गेला..."

"कुणाच्या मठात? कुठल्या? अरे देवा, काय वाट लावलीय हो!" आणि खानविलकर गर्रकन वळले, मला बाजूला सारलं, मुस्यूच्या हातातला कागद जवळजवळ हिसकावून घेतला आणि उभे राहिले. "ऐका, ऐका!"

दोघे मुलगे बाप जिवंत असतानाच वतनासाठी एकमेकांवर चालून गेले. म्हातारा दोघांनाही नकोसा झाला. ऐन हिवाळ्यात चार नोकरांनी त्याला झोळीत घालून एका दाराशी नेलं. बायकांच्या मठाचं दार. आणि त्या मठाची प्रमुख कोण? खानविलकरांचा आवाज चढला, ते खुर्चीवर चढले. रोथा! पोर असताना बापानं टाकलेली रोथा! तिनं दार लावून घेतलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं दार उघडलं. त्याला धुतला-पुसला, भरवला, आणि तो तिच्या हातांवर गेला. पुढं थोरला लढाईत मेला, धाकटा निपुत्रिक गेला, वतन राजानं भलत्यालाच दिलं. घराणं बुडालं. पण रोथानं मठात नेम घालून दिला की बापाच्या दिवशी सगळ्या जोगिणींनी उभं राहून त्याचं नाव घ्यायचं. आणि त्याच्या नावाला जोडून इम्माचं नाव घ्यायचं. शेकडो वर्षं त्या बायका ती दोन नावं घेत राहिल्या, म्हणून तर...

इथं खानविलकर थांबले.  मुस्यूनं मान हलवली आणि वाक्य त्यानंच पुरं केलं. म्हणून तर तो सरदार मला माहीत झाला, तो म्हणाला. मुलांनी त्याचं काहीही राखलं नाही.

 ढोबळे हळूच म्हणाला, "म्हंजी बापाचं नाव लेकीनं घेतलं म्हना की."

खानविलकर खुर्चीवरून उतरले, मोरीत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल आणि चेहरा असा काही उजळलेला की मला भीतीच वाटली.

मे महिन्यात ते गावी गेले. विमानतळावर आम्ही खोदून खोदून विचारलं, काय करणार? म्हणाले, "दादांसमोर उभा राहिलो की पाय लटपटतात हो. बघू." आम्ही महिनाभर पैजा लावत बसलो.

परत आले ते पेटी ठेवायच्या आधी "ऐका, ऐका!" मांडव घातलेला, भटजी बसलेले, गाव जमलेलं. दादांनी मुलाला नटवून पुढं आणला. भटजी म्हणाले, घ्या मांडीवर. "पाय लटपटत होते, खोटं नाही सांगत," खानविलकर म्हणाले. "पण बसलेल्या माणसाचे लटपटले तर कुणाला दिसतंय? मी हाक मारली, सुलभा, इकडं ये. बस इथं." ती लाजून लाजून आली आणि बापाच्या मांडीवर बसली. भटजी म्हणाले, अहो, ही तुमचीच मुलगी, दत्तक कशी घेता येईल? "म्हटलं, माझीच आहे ना? मग दुसऱ्याचं कशाला मागू? सोडा ही उपरण्याची गाठ, संपला विधी. टिंग!"

आम्ही नाचलो. खरंच नाचलो, ढोबळेनं पातेलं बडवलं! पण ह्याची किंमत खानविलकरांनी भरली. दादांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. आई वर्षभर अबोल. तरी सुट्टीहून आल्यावर खानविलकरांनी मला जे सांगितलं ते लक्षात राहिलंय. त्या दिवशी मांडवातून आत गेल्यावर वसुधावहिनी त्यांना म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज मी ह्या घरात आले." 

पुस्तक पुरं झालं, मुस्यू आपल्या देशी परत गेला. आमची पांगापांग झाली. खानविलकरांनी पुढं फॅमिली आणली, दोह्याजवळ मुऐदरला भाड्यानं घर घेतलं. सुलभा देशात सिव्हिलचा डिप्लोमा करून आली.

माझी निघायची वेळ आली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, त्या आठवड्यात मी कायमचा कराडला परतणार होतो. शेवटचं काम म्हणून दोह्याच्या एका मोठ्या ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवरचा एसी दुरुस्त करत शिडीवर उभा होतो. खाली फाटकाशी गाडी थांबली. सुलभा उतरली, साडी, खांद्याला पर्स, हातात पट्ट्या-नकाशांची नळी. ड्रॉइंग सेक्शनमध्ये तिचा पहिला दिवस होता. ती आत गेली. मागोमाग खानविलकर, केस पिकलेले, कॉलरला रुमाल, तिच्या पाठोपाठ आत घुसायच्या बेतात. पहारेकऱ्यानं आडवा हात घातला.

"आप कौन हैं, साहब?"

खानविलकर इतकी वर्षं कतारमध्ये काढलेले. मोठमोठ्या साहेबांच्या ओळखी, कितीतरी नावं सांगता आली असती. मी शिडीवरून हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी छाती काढली.

"मैं? मैं सुलभा खानविलकर का बाप हूँ!" आणि हे इतकं मोठ्यानं, की वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या.